जमीन करणाराचे नाव

दिवाळीच्या आधीचा आठवडा. आईसाठी साडी बघायला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात बसलो होतो आणि खिशात फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता, खात्यात २०,४०० रुपये जमा. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाडा बुडवला, त्यात परभणी जिल्ह्यातलं आमचं सोयाबीनही गेलं, त्याची ही सरकारी मदत. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, आणि आमचं रान सहा एकर, म्हणजे दोन हेक्टर चाळीस आर. मनातल्या मनात गुणाकार केला. पैशापैशाचा हिशेब जुळला.

'आमचं सोयाबीन' असं मी सवयीनं म्हणतो. ते पेरलं तेव्हा मी पुण्यात होतो. कोळपणी, फवारणी झाली तेव्हाही पुण्यातच. शेंगा भरल्या आणि वर गुडघाभर पाणी साचलं, ते मी व्हॉट्सॲपवर पाहिलं, बावीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात कुणाचा चेहरा नव्हता, नुसता आवाज होता: "दादा, बघा, काय ऱ्हायलं नाही."

तो आवाज मामांचा. नात्यानं ते आमचे कुणी लागत नाहीत. माझ्या वडिलांना ते दाजी म्हणायचे, म्हणून ते मामा झाले. वडील थकले तेव्हापासून, म्हणजे चौदा-पंधरा वर्षं, आमचं रान तेच करतात. आमच्याकडं याला बटई म्हणतात, निम्म्यानं करणं. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, राबणं सगळं त्यांचं, माल निम्मा-निम्मा. दुसरीकडं हेच ठोक्यानं चालतं, मक्त्यानं चालतं, खंडानं चालतं. शब्द गावोगाव बदलतात, पण कागद यातल्या कशाचाच नसतो. पाडव्याला चहा पिता पिता "औंदा पण तुम्हीच करा" एवढं म्हटलं की करार झाला.

सरकारच्या लेखी मामा शेतकरी नाहीत. त्यांच्या नावावर एक गुंठाही नाही, आणि आपल्याकडं शेतकरी कोण हे साताबारा ठरवतो. मी शेतकरी आहे. माझ्याकडं २०२५ मध्ये काढलेला फार्मर आयडीसुद्धा आहे. तो काढायला मी गावालाही गेलो नाही. चुलत भाऊ सेवा केंद्रावर बसला होता, आधारचा ओटीपी माझ्या फोनवर आला, मी मीटिंगमधून बाहेर येऊन त्याला सहा आकडे सांगितले आणि परत आत गेलो. त्या आयडीमुळं मदतीच्या वेळी केवायसीलाही जावं लागलं नाही. खातं सामाईक, म्हणून आईचं संमतीपत्र तेवढं लागलं. त्यावर तिनं सही केली ती डायनिंग टेबलावर, चष्मा शोधून.

याची सुरुवात खरं तर २०१९ मध्ये झाली. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात पीएम-किसानची घोषणा झाली, वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. त्याच महिन्याच्या २४ तारखेला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटलासुद्धा. निवडणूक तोंडावर होती. आपल्याकडं सरकारी काम सहसा एवढ्या वेगानं होत नाही. गावोगाव तलाठ्यांच्या मागं याद्यांचा तगादा लागला. आमच्या चुलतभावानं घरातल्या सगळ्या खातेदारांची आधार कार्डं आणि पासबुकाच्या झेरॉक्स गोळा करून दिल्या. त्यात आईचं नाव होतं आणि माझंही. मला त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं असंही नाही. तेव्हा नियम कुणी वाचले होते!

नियम असे. आधी दोन हेक्टरपर्यंतचेच शेतकरी धरले होते. निवडणूक झाल्यावर ती अट काढली आणि सगळेच जमीनधारक घेतले. वगळलं कुणाला, तर आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकर. महिन्याला १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, त्यातही चतुर्थ श्रेणीवाले सोडून. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए. आणि मागच्या वर्षी ज्यानं आयकर भरला तो. मी आयकर भरतो. म्हणजे मी बसतच नव्हतो, तरी तीन हप्ते माझ्या पगाराच्या खात्यात येऊन पडले होते. पगार, ईएमआय, विजेचं बिल यांच्या गर्दीत ते मला दिसलेही नव्हते. ज्या २,००० रुपयांसाठी लोक बँकेच्या दारात रांग लावत होते, ते माझ्या स्टेटमेंटात हरवून गेले होते, हे आठवलं की अजून ओशाळायला होतं.

पुढं आयकर भरणाऱ्यांच्या याद्या निघाल्या, वसुलीच्या नोटिसा सुटल्या, आणि मी ६,००० रुपये परत भरले. एकटाच नव्हतो मी. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की ४२ लाखांहून जास्त अपात्र लोकांना सुमारे ३,००० कोटी रुपये गेलेत आणि ते वसूल करायचेत. पेपरात ते 'बोगस शेतकरी' म्हणून छापून आलं. आमच्या ऑफिसात एकजण तावातावानं म्हणाला, हे गावाकडचे लोक असेच. मी मान खाली घालून डबा खाल्ला.

आईचे हप्ते मात्र चालू राहिले, आणि ते नियमात होते. वडील २०१६ मध्ये गेले, वारसनोंद झाली, बहिणीनं हक्कसोड करून दिलं (ते आम्ही तिच्याकडून किती सहज घेतलं, त्यावर वेगळं लिहायला हवं आणि ते लिहायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही), आणि साताबाऱ्यावर आई आणि मी असे दोघं उरलो. आईनं त्या रानात चाळीस वर्षं खुरपणी केली, कापूस वेचला, माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत शेतात गेली. कागदावर तिचं नाव आलं ते नवरा गेल्यावर. पस्तीसेक वर्षांपूर्वी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, नवऱ्यानं जितेपणी बायकोच्या नावावर जमिनीचा हिस्सा करून द्यावा म्हणून. आमच्या गावातून वडील मेळाव्याला गेले होते, छातीला बिल्ला लावून. जमीन मात्र त्यांच्याच नावावर राहिली.

म्हणून आईचा हप्ता येतो तेव्हा मी काही बोलत नाही. हप्ता आला की ती पासबुक भरून आणायला लावते. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० त्याला जोडून यायला लागले, त्यांची ओळ वेगळी उमटते, ती ती बोटानं दाखवते. एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हो हे, पोरगा एवढा कमावता?" आई म्हणाली, "पोराचं पोराचं. हे माझ्या शेताचं आहे." मग थोड्या वेळानं, मला ऐकू जाईल असं, "शेत आता करतोय कोण, ते सोडा."

मामा या सगळ्यात कुठं येतात? ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान वाशिमला आले आणि अठरावा हप्ता तिथून सोडला. टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना मी योगायोगानं गावात, मामांच्या ओट्यावर होतो. निवेदक कोटींचे आकडे सांगत होता. मामा सोयाबीनच्या बनमीचं, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाचं, सांगत होते, पाऊस उघडला तर दोन दिवसांत मळणी करून टाकू म्हणून. पडद्यावर "शेतकऱ्यांच्या खात्यात थेट" असं आलं तेव्हा त्यांची नात माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला आले का पैसे?" तिला कुणीतरी आत बोलावलं.

मी मामांना विचारलं, तुम्ही कधी अर्ज केला होता का? ते म्हणाले, "केला होता की. सेंटरवाल्या पोरानं इचारलं गट नंबर सांगा. म्या तुमचा सांगितला. तो म्हणला ह्या गटाला नाव दुसरंच दाखवायलंय." सांगताना हसले. गट नंबर त्यांना तोंडपाठ होता. मला अजूनही साताबारा उघडून बघावा लागतो.

तो जुना साताबारा आमच्याकडं आहे, तलाठ्यानं निळ्या शाईत हातानं लिहिलेला. वडिलांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, असा जपलेला. वरचा भाग सातचा, मालकी कुणाची ते सांगणारा. खालचा बाराचा, त्यात पिकं. त्या बाराच्या कडेला एक रकाना असे, 'जमीन करणाराचे नाव'. म्हणजे कागद बनवणाऱ्याला कधीकाळी माहीत होतं की मालक आणि करणारा ही दोन माणसं असू शकतात. त्या रकान्यात आमच्या कागदावर वर्षानुवर्षं एकच शब्द उतरत आलाय, 'खुद्द'. वडील करत होते तोवर ते खरं होतं. मामा करायला लागले तरी खुद्दच. आता ई-पीक पाहणीच्या ॲपवर मामांचा मुलगा पिकाचा फोटो काढतो, माझ्या नावानं, माझ्याच फोनवर आलेल्या ओटीपीनं. हाताच्या शाईचं खुद्द गेलं आणि मोबाईलमधलं खुद्द आलं, एवढाच फरक.

मामांचं नाव तिथं का लागत नाही, याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. कूळ लागेल. कसेल त्याची जमीन म्हणून कायदे झाले, मुंबई इलाख्यात १९४८ चा, आमच्या मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्यातून आलेला १९५० चा, विदर्भात १९५८ चा. तिकडं पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला गेला, त्या दिवशी जो कसत होता तो मालक ठरला. हजारो घरं त्यानं उभी राहिली. पण त्या दिवसापासून मालकांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली: करणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. आज सत्तर वर्षांनी माझ्यासारखा पुण्यात बसलेला, कधी कोर्टाची पायरी न चढलेला माणूसही त्याच धाकानं गप्प बसतो. नीती आयोगानं २०१६ मध्ये जमीन भाड्यानं देण्याचा नमुना कायदा तयार केला, मालकाची मालकी शाबूत ठेवून करणाऱ्याला पीककर्ज आणि विमा मिळावा म्हणून. आमच्या ओट्यापर्यंत त्याची हवासुद्धा पोचलेली नाही.

आणि त्याच ट्रंकेत, साताबाऱ्याच्या खाली, आणखी एक कागद आहे. तो मी नोकरीला लागल्यावर केव्हातरी पहिल्यांदा नीट वाचला. १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जुन्या जमीन-नोंदीची, नक्कल. त्यात या सहा एकरांचा मालक दुसराच आहे, जवळच्या गावचा एक देशमुख. कब्जेदाराच्या रकान्यात माझ्या आजोबांचं नाव, आणि पुढं लिहिलंय, संरक्षित कूळ.

आमची जमीन अशी आमची झाली. आजोबा निम्म्यानं करत होते. कुणीतरी, कुठल्या तरी गिरदावरानं, म्हणजे महसुलाच्या तपासनिसानं, त्यांचं नाव त्या रकान्यात लिहिलं. तो देशमुख पुण्यात नव्हता, पण हैदराबादेत होता म्हणतात.

वडिलांना हे ठाऊक होतं, त्यांनी कधी लपवलं नाही. पण मामांना रान लावून देताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कागद करायचा नाही बरं का. माणूस चांगला आहे, पण कागद करायचा नाही." मी तेव्हा मान डोलावली. आजोबा कसे मालक झाले हे मला तोवर कळलं नव्हतं. कळल्यावरही मी कागद केला नाही.

दुसरीकडं काय चालतं हे बघायला फार लांब जायला नको. आमच्यापासून नांदेडची हद्द ओलांडली की तेलंगण. तिथं २०१८ मध्ये रयतू बंधू ही योजना आली, एकरी हंगामाला ४,००० रुपये, पुढं ५,०००. धर्माबादकडच्या गावांनी तर आम्हाला तेलंगणातच घ्या म्हणून मागणी केली होती. पण तिथं एकराला कमाल मर्यादाच नव्हती, जितकी जमीन मोठी तितका चेक मोठा, आणि कौलदार, म्हणजे दुसऱ्याचं रान भाड्यानं कसणाऱ्या, शेतकऱ्याला त्यातही काही नाही. पैसे हैदराबादच्या बंगल्यात जायचे आणि राबणारा बघत राहायचा. ओडिशानं त्याच सुमारास कालिया योजना आणली, तिच्यात भूमिहीन कुटुंबं घेतली, वाटेकरी घेतले. आंध्रनं काही समाजांतल्या कौलदारांना रयतू भरोशात घेतलं. म्हणजे करायचं म्हटलं तर नाव शोधता येतं. अवघड असतं, चुका होतात, मालक आडवे येतात, पण येतं. साताबारा सोपा पडतो हे मात्र खरं. यादी तयार मिळते, माणूस शोधत फिरावं लागत नाही.

मामांना सरकारचं काहीच मिळत नाही असं नाही, गंमत तीच आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण खरी किंमत आणि ही किंमत यातला फरक सरकार कंपनीला देतं. दुकानातल्या मशीनवर आधार नंबर टाकून अंगठा लावला की विक्री नोंदते, आणि त्या नोंदीवर कंपनीला पैसे जातात. तिथं साताबारा कुणी मागत नाही. देशाचं खतावरचं अनुदान २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटींवर गेलं होतं, पीएम-किसानचा वर्षाचा खर्च साठ हजार कोटींच्या आसपास असतो. थोडक्यात, मामांच्या हाताला सरकारचे जे काही पैसे लागतात ते गोणीतून लागतात, आणि त्या पैशांच्या यादीत नाव असतं कंपनीचं. त्यातही दुकानदार लिंकिंग करतो, एका मालाबरोबर दुसरा गळ्यात मारतो. डीएपी खत पाहिजे? मग ही बाटली घ्या. एक डीएपी १,३५० ची आणि दोन युरिया घेतले की माझ्या आईच्या एका हप्त्यातून ११७ रुपये उरतात. बाटली त्यात बसत नाही. आणि हप्ता २०१९ ला होता तेवढाच आहे.

हमीभावाचं तर विचारूच नका. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली. केंद्रावर माल घालायचा तर पीक पाहणी लागलेला साताबारा आणि साताबाऱ्यावरच्या माणसाचं खातं पाहिजे. मामांनी एका वर्षी माझ्या नावावर घातला होता. पैसे माझ्या खात्यात यायला सव्वा महिना लागला, तेवढ्यात त्यांनी तीनदा फोन केला, आणि दर वेळी आधी माझ्या मुलीच्या अभ्यासाचं विचारलं. पुढच्या वर्षीपासून ते सरळ आडतीवर घालतात. भाव कमी, पण नगद, आणि कुणाला फोन करावा लागत नाही.

तर ते २०,४०० रुपये. साडी घेऊन घरी आलो. रात्री मामांच्या मुलाला फोनवरून १०,२०० पाठवले. निम्मे. आमच्यात सगळंच निम्मं असतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं, कारण गावात पुष्कळजण असे पैसे आले हे सांगतही नाहीत, हे मला माहीत होतं.

भाऊबीजेनंतर गावी गेलो. मामींनी चहा केला, चिवडा दिला. मामा बाहेर गेले होते. मामी चुलीपुढं पाठमोऱ्या बसून म्हणाल्या, "दादा, एक इचारू? राग नका धरू. निम्मं पाठवलं तुम्ही."

"हो मामी. निम्मं तुमचं."

"बी-खताचं निम्मं तुमचं गेलं, ते बरोबर हाय. पण निंदणी, फवारणी, आमच्या दोघांचे चार महिने गेले. ते कुणाच्या निम्म्यात धरायचे?"

मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात मामा आले आणि त्यांनी मामींकडं असं बघितलं की त्यांना आत काय बोलणं झालं ते कळलं असावं. मग आम्ही तिघंही पावसाविषयी बोललो. बांध कुठं फुटला, विहिरीत गाळ किती बसला.

पुण्यात परत आल्यावर मी ५०० रुपयांचा स्टॅम्प घेतला. ओळखीच्या वकिलाकडं गेलो आणि म्हटलं, साधा भाडेकरार करून द्या, अकरा महिन्यांचा, म्हणजे निदान विम्याला, मदतीला त्यांचं नाव लागेल. तो हसला. म्हणाला, नोंदणी न केलेला चालणार नाही, आणि नोंदवलास तर उद्या तुझा भाचा नाहीतर पुतण्या तुलाच विचारेल की हे काय केलंस. चुलत भावाला विचारलं तर तो फोनवर बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू पुण्यात राहतोस, तुला काय. गावात उद्या सगळेच बटईदार कागद मागतील." आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचा कागद ज्यानं केला, त्यानं कुणाला विचारलं होतं का?" तिच्या बोलण्याचा अर्थ कर असा होता की करू नको असा, ते मला अजून नीट कळलेलं नाही. स्टॅम्प टेबलाच्या खणात आहे.

नोव्हेंबरात आणखी एक मेसेज आला. रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून सरकारनं हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले होते, ते. २४,००० रुपये. त्याच संध्याकाळी मामांचा फोन. मेसेजचं त्यांना माहीत नव्हतं, निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. मुलीच्या अभ्यासाचं विचारलं. मग म्हणाले, रान वाफशावर आलंय, औंदा ज्वारी नको, हरभरा पेरू.

मी म्हटलं, पेरू की. बी किती लागेल?

"सा पिशव्या लागतील," मामा म्हणाले. "तीन म्या आणल्यात. तुमच्या निम्म्याच्या तीन ऱ्हायल्यात, दादा."